न्हाणीघराचें छत आणि दिवा

घर बांधतांना दिवाणखान्याच्या दिव्यांविषयीं जितका खल होतो त्याचा शतांशहि न्हाणीघराच्या वांट्यास येत नाहीं. छताच्या मध्यावर एक दिवा बसविला कीं झालें! परंतु आरशापुढें उभ्या राहणाऱ्याच्या तो पाठीमागें पडतो. त्याचीच सावली त्याच्या तोंडावर येते आणि दाढीचा वस्तरा चुकतो. यास्तव आरशाच्या दोहों अंगांस वेगळे दिवे द्यावे.

खरें भय पाण्याचें. ओल्या त्वचेचा विद्युत्प्रवाहास होणारा विरोध फारच घटतो. कोरड्या हातास जाणवून सुटणारा झटका येथें जिवावर बेततो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें, जेथें टब नसून नुसता शॉवर आहे, तेथें त्याच्या तोंडापासून १.२० मीटर अंतराचा व भुईपासून निदान २.२५ मीटर उंचीचा टापू धोक्याचा. शहरांतील लहानसें न्हाणीघर बहुधा सगळेंच त्यांत सामावतें! तेथील दिवा निदान ‘आयपीएक्स ४’ प्रतीचा, म्हणजे चोहोंकडून उडालेल्या पाण्यानें न बिघडणारा, असावा लागतो. उंच छत या टापूबाहेर राहतें, पण वाफ तेथेंच सांचते. म्हणून तेथेंहि बंद कांचेचाच दिवा बरा.

बटण दाराबाहेर असावें हें सर्वांस ठाऊक असतें. ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारें ‘आरसीसीबी’ हें उपकरण मात्र काटकसरीच्या नांवाखालीं गाळलें जातें, आणि फरशीच्या नक्षीवर त्याहून अधिक खर्च होतो.