सिंदी (रेल्वे)वर उपग्रहाची नजर: पूर, वीज, ऊन आणि साथीच्या आजारात ही माहिती नेमकी कशी कामी येते?

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे). दुसरी सेलू तालुक्यातली, नागपूर-वर्धा लोहमार्गावर स्टेशन असलेली सिंदी (रेल्वे), जिथला तान्हा पोळा आणि त्यातले भलेमोठे लाकडी नंदी पाहायला आजूबाजूच्या गावांतून गर्दी होते.

आता समजा, भर पावसाळ्यात तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: 'सिंदीत पाणी शिरलं, मदत पाठवा.' मदत कुठे पाठवायची? नावावरून गोंधळ होऊ शकतो. उपग्रहाचा मात्र होत नाही, कारण त्याला नाव नाही, अक्षांश-रेखांश कळतात. त्याच्या लेखी सिंदी (रेल्वे) म्हणजे साधारण २०.८ अंश उत्तर आणि ७८.९ अंश पूर्व.

पण उपग्रहाला सिंदी दिसली म्हणून सिंदीतल्या माणसाला वेळेवर इशारा मिळेलच असं नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही घडावं लागतं. ते काय, हे एकेक करून समजून घेऊ.

सगळे उपग्रह सारखे नसतात

टीव्हीवरच्या हवामान बातम्यांत ढगांचं जे चित्र दिसतं, ते इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांचं असतं. इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला. हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्या वेगानेच फिरतात. त्यामुळे ते भारतावर एका जागी थांबल्यासारखे वाटतात आणि दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने नवं चित्र पाठवत राहतात.

पण इतक्या लांबून बारीक दिसत नाही. दिवसाच्या उजेडात त्यांच्या चित्रातला एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा असतो. म्हणजे सिंदीचं अख्खं गावठाण मोजक्या ठिपक्यांत संपतं. ढग कुठून कुठे चाललेत हे त्यातून कळतं, कोणाच्या वावरात पाणी साचलंय हे कळत नाही.

दुसऱ्या प्रकारचे उपग्रह पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. युरोपच्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो, तर भारताच्या कार्टोसॅट मालिकेतल्या काही उपग्रहांना रस्त्यावरची गाडीही ओळखता येते. अडचण एवढीच की हे उपग्रह एकाच जागेवर काही दिवसांनीच परत येतात.

थोडक्यात, जो सतत पाहतो त्याला बारीक दिसत नाही आणि ज्याला बारीक दिसतं तो सतत हजर नसतो. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

ढगांच्या आड पूर कसा दिसतो?

पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली फक्त पांढरा कापूस दिसतो. म्हणून पुरासाठी रडार उपग्रह वापरतात.

रडार उपग्रह स्वतः रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. या लहरी ढगांतून आरपार जातात, शिवाय त्यांना उजेड लागत नाही. घरं, झाडं, पऱ्हाटी यांच्यावर आदळलेल्या लहरी चहूकडे विखुरतात आणि त्यातल्या काही उपग्रहाकडे परत येतात. सपाट पाणी मात्र आरशासारखं वागतं आणि लहरी दुसरीकडेच परतवतं. त्यामुळे चित्रात पाणी काळं दिसतं. काल जिथे करडा रंग होता तिथे आज काळा दिसला, की तिथे पाणी शिरलंय असं समजतात.

भारताकडे यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रहही रडारवरच चालतो. तो दर १२ दिवसांत पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन दोनदा पाहतो.

जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. वणा आणि वर्धा या नद्यांच्या काठची शिवारं पाण्याखाली गेली, हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्याला मोठा फटका बसला. मोठ्या नदीचा असा पूर दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे तो रडारच्या चित्रात सापडण्याची शक्यता बरी असते.

गावालगतच्या नाल्याचं तसं नसतं. ढगफुटीसारखा पाऊस होतो, नाला दोन तासांत चढतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. उपग्रह दुसऱ्या दिवशी वरून गेला, तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. पण तोवर सोयाबीन खरडून गेलेलं असतं.

म्हणूनच कास्तकारासाठी जमिनीवरची नोंद महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की त्याला अतिवृष्टी मानतात. हा आकडा पर्जन्यमापक देतो. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं आणि ते पंचनाम्यात ठरतं. पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून उत्पादनाच्या अंदाजासाठी उपग्रहाच्या माहितीचाही वापर सुरू झाला आहे. तरीही तुमच्या बांधावर काय झालं, याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवणं तुमच्याच फायद्याचं असतं.

विजेचा इशारा कोण देतं?

विदर्भात पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वीज पडून शेतात काम करणारी माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. देशभरात विजेमुळे वर्षाला दोन हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद होते.

'दामिनी' ॲप उपग्रहावर चालतं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, देशभर जमिनीवर संवेदक बसवले आहेत. वीज चमकली की तिच्यातून रेडिओ लहरी निघतात. त्या वेगवेगळ्या संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि त्या फरकावरून वीज कुठे चमकली हे काढलं जातं. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरात विजा होत असतील, तर ॲप सावध करतं.

उपग्रहाची मदत त्याआधी होते. ढगाचा माथा किती थंड आहे यावरून तो किती उंच गेला हे कळतं आणि उंच वाढणारा ढग म्हणजे वादळी पावसाची शक्यता. थोडक्यात, अंदाजात उपग्रहाची मदत होते, पण शेवटच्या अर्ध्या तासाचा इशारा जमिनीवरून येतो. तो फोनवर आला आणि फोन घरी चार्जिंगला असला, तर वावरात कापूस वेचणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. कडकडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जायचं, हे तिला आधीच माहीत असणं हाच तिचा खरा इशारा.

५६ अंश खरे होते का?

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि स्क्रीनशॉट सगळीकडे फिरले. नंतर हवामान विभागाने संवेदकात बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. इतर काही केंद्रांवर तापमान ४४-४५ अंशांच्या आसपास होतं.

उपग्रहाच्या चित्रांमुळेही असाच गोंधळ होतो. उन्हाळ्यात लाल-जांभळा नकाशा फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'विदर्भ ५५ अंशांवर!' उपग्रह मोजतो ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान, म्हणजे डांबर, टिनाचं छप्पर, नांगरून ठेवलेली काळी माती यांचं. दुपारी हवा ४४ अंश असताना काळी माती ५५ च्या पुढे जाऊ शकते. हवामान विभाग सांगतो ते तापमान हवेचं असतं आणि ते जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत मोजलेलं असतं. दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

मग या नकाशाचा आरोग्याशी काय संबंध? गावातला कोणता भाग सगळ्यात जास्त तापतो, हे त्यातून दिसतं. टिनाच्या घरांची दाट वस्ती, झाड नसलेला बाजार, स्टेशनबाहेरचं मोकळं आवार. पाणपोई कुठे लावायची, अंगणवाडीची वेळ कुठे बदलायची, आशाताईंनी कोणत्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जायचं, हे ठरवायला असा नकाशा उपयोगी पडतो.

उपग्रहाला डास दिसतो का?

नाही. पण डासाला काय आवडतं ते त्याला दिसतं: पाणी, गवत, ओल, ऊब.

याचं गाजलेलं उदाहरण पूर्व आफ्रिकेतलं आहे. तिथे जनावरांना आणि माणसांना होणारा रिफ्ट व्हॅली ताप अतिवृष्टीनंतर डासांमुळे पसरतो. २००६ च्या अखेरीस समुद्राचं तापमान, पाऊस आणि हिरवळ यांच्या उपग्रह नोंदींवरून शास्त्रज्ञांनी धोक्याचा इशारा दिला आणि काही आठवड्यांनी खरोखरच साथ आली. बंगालच्या उपसागराबाबत अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांनीही कॉलरा आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या वाढीचा संबंध उपग्रहाच्या मदतीने तपासला.

विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले. पावसाळ्यात वाढलेल्या गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने तो होतो. गवत किती वाढलं हे उपग्रहाला दिसतं, त्यामुळे जोखमीचा पट्टा आणि काळ यांचा अंदाज बांधता येतो. तापाचा रुग्ण आला की अंगावर चाव्याची काळी खपली आहे का, हे मात्र डॉक्टरांनाच पाहावं लागतं. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो.

डेंग्यूत तर उपग्रह आणखी हतबल आहे. त्याचा डास कूलरमध्ये, रांजणात, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. तिथे दर आठवड्याला भांडी कोरडी करण्याला पर्याय नाही.

माहिती जवळच आहे, मग अडतं कुठे?

सिंदी (रेल्वे)पासून साधारण ५० किलोमीटरवर नागपूर आहे आणि उपग्रहाच्या माहितीवर काम करणाऱ्या दोन महत्त्वाच्या संस्था तिथेच आहेत: इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं मध्य विभागाचं केंद्र आणि राज्य सरकारचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच, सेवाग्रामला आहे. म्हणजे नकाशे करणारेही जवळ आहेत आणि उपचार करणारेही.

तरी नुसत्या नकाशाने जीव वाचत नाही. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे १० हजार माणसं गेली. उपग्रह तेव्हाही होते. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. अंदाज सुधारले होतेच, पण त्याचबरोबर निवारे बांधले गेले होते, लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि गावोगावी निरोप पोहोचला होता. लहान गावात तो निरोप आजही तलाठी, कोतवाल, आशाताई, शाळेचे गुरुजी आणि मंदिरावरचा भोंगा यांच्यामार्फत जातो.

तुम्ही काय करू शकता?

एक: 'सचेत', 'दामिनी' आणि हवामान विभागाचं 'मौसम' ही सरकारी ॲप्स फोनमध्ये ठेवा. इशारा आला की घरातल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना लगेच सांगा.

दोन: २०२३ मध्ये फोन अचानक जोरात वाजून आपत्तीच्या इशाऱ्याचा चाचणी संदेश आला होता, आठवतंय? पुन्हा तसा आवाज आला तर फोन बंद करण्याआधी मजकूर वाचा.

तीन: व्हायरल 'सॅटेलाइट फोटो' पुढे पाठवण्याआधी तारीख, उपग्रहाचं नाव आणि संस्था पाहा. 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून भारत' हा रंगीत फोटो दिवाळीचा नाही, असं नासाने २०१२ मध्येच सांगितलं. तो अजून दरवर्षी फिरतो.

चार: मदतीचा मेसेज टाकताना गाव, तालुका आणि नकाशावरचं ठिकाण टाका. नुसतं 'सिंदी' लिहू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८.

उपग्रहाला कोणती सिंदी ते आधीच माहीत असतं. मदतीला निघालेल्या माणसाला ते तुमच्या मेसेजमधूनच कळणार असतं.