तीन मिनिटांचा सिनेमा, साऱ्या वर्गाचा

(रेडिओवर दिलेलं भाषण, वाचक मैत्रिणींसाठी)

हातातलं काम तसंच चालू ठेवा, निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. आज मी तुम्हाला सिनेमाबद्दल सांगणार आहे. सिनेमा बघण्याबद्दल नाही हं, करण्याबद्दल. आपल्या गावातल्या शाळेच्या पोरांनी, सगळ्यांनी मिळून, एका मोबाईलवर तीन मिनिटांचा सिनेमा कसा करायचा, आणि त्यात आपल्यासारख्या बायांनी काय मदत करायची, ते सांगते.

तुम्ही म्हणाल, हे आपलं काम आहे का? तर आधी आपल्या मालेगावचंच बघा. मालेगाव म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण याच गावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्या माणसाने मित्रांना गोळा करून २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ नावाचा सिनेमा केला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. शोलेतले डाकू घोड्यावरून येतात, यांचे डाकू सायकलवरून आले. कॅमेरा पुढे सरकवायचा तर सायकल, उंच न्यायचा तर बैलगाडी. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन केला. त्यातला हिरो शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा सडपातळ पोरगा. या सगळ्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, तो देशोदेशी पाहिला गेला. २०२५ साली याच माणसांच्या गोष्टीवर रीमा कागती यांचा मोठा हिंदी सिनेमाही थेटरात लागला.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. मालेगावच्या त्या सिनेमांत नायिकेचं काम करायला गावातली बाई मिळत नसे, बाहेरून आणावी लागे. आणि ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. बाई मिळालीच नाही. पण त्या सिनेमामागे बाई होती, फाळक्यांची पत्नी सरस्वतीबाई. पैशासाठी त्यांनी दागिने दिले, सिनेमात काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्याचं, तिला भोकं पाडण्याचं कामही शिकून घेतलं. फाळक्यांच्या पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

हे सांगण्याचं कारण असं, की आमच्याकडेही प्रश्न तिथेच येऊन थांबला होता.

सुरुवात कशी झाली

आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत आठवीच्या पोरांकडून छोटा सिनेमा करून घ्यायचं ठरलं. शाळेतल्या बाईंनी आमच्या बचतगटाला मदत मागितली. पहिल्या दिवशी पोरांना विचारलं, कशावर करायचा? कुणी म्हणालं भुताचा, कुणी म्हणालं मारामारीचा, कुणी म्हणालं शिवाजी महाराजांचा. दोन शनिवार त्यातच गेले. घोडे कुठून आणणार, तलवारी कुठून आणणार! जे काही चित्रण झालं त्यात वारा आणि शेजारच्या मोटारीची घरघर एवढंच ऐकू येत होतं.

मग बाईंनी प्रश्न बदलला. त्या म्हणाल्या, “आज सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय झालं, तेवढंच सांगा.” तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, “मला रोज उशीर होतो, कारण पाणी भरायचं असतं. आणि उशिरा आलं की बाहेर उभं राहावं लागतं.” वर्ग गप्प झाला. बाईही गप्प झाल्या. सिनेमा तिथे सापडला.

म्हणून पहिली पायरी ही. गोष्ट पोरांच्या रोजच्या जगण्यातली हवी आणि ती एका वाक्यात सांगता यायला हवी. ‘कोणाला काय हवंय आणि मध्ये काय आडवं येतंय’, एवढं त्या वाक्यात असलं की पुरे. आमचं वाक्य होतं, “एका मुलीला घंटेच्या आत शाळेत पोचायचंय, पण हंडे अजून भरायचेत.”

एक मिनिट नुसतं बघा

कॅमेरा हाती देण्याआधी एक सराव करून घ्या. १८९५ साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी लोकांना पहिले सिनेमे दाखवले, पुढच्याच वर्षी ते मुंबईतही दाखवले गेले. एकेक सिनेमा जेमतेम मिनिटभराचा. कॅमेरा एका जागी ठेवलेला, समोर कारखान्यातून सुटलेले कामगार किंवा स्टेशनात येणारी गाडी. तसंच पोरांनी करायचं. मोबाईल दोन विटांमध्ये उभा करायचा, हलवायचा नाही, आणि एक मिनिट चित्रण करायचं. जागा मात्र पोरांनी निवडायची. आमच्याकडे कुणी नळ निवडला, कुणी पिठाच्या गिरणीचं दार, कुणी कांद्याची चाळ. या सरावातून कुठे उभं राहिलं की काय दिसतं, ते पोरं आपोआप शिकतात.

कामं वाटून द्या

सिनेमा एकट्याचा झाला की बाकीचे तीस जण नुसते बघत बसतात. म्हणून पाच-सहा जणांचा गट करा आणि प्रत्येकाला काम द्या. एक दिग्दर्शक, म्हणजे कधी सुरू आणि कधी थांबायचं ते सांगणारा. एक कॅमेरा धरणारा. एक आवाज सांभाळणारा. दोघं अभिनय करणारे. आणि एक वहीवाली. तिचं काम फार मोलाचं. कोणता तुकडा किती वेळा घेतला, त्यातला कोणता चांगला झाला, मुलीच्या केसांना कोणत्या रंगाची रिबीन होती, हंडा कोणत्या कडेवर होता, हे सगळं ती लिहून ठेवते. नाहीतर एका तुकड्यात डावीकडे असलेला हंडा पुढच्या तुकड्यात उजवीकडे येतो आणि बघणारे हसतात.

दर शनिवारी कामं बदला. नाहीतर काय होतं, कॅमेरा मुलगे धरतात आणि मुलींच्या वाट्याला वही नाहीतर सतरंजी झटकणं येतं. आम्ही पहिल्याच दिवशी नियम केला, की या आठवड्यात ज्याने कॅमेरा धरला, त्याने पुढच्या आठवड्यात वही धरायची.

आधी कागदावर, मग मोबाईलवर

चित्रणाआधी गोष्ट कागदावर चौकोन पाडून काढा. एका चौकोनात एक तुकडा. चित्र सुंदर नको, काडीची माणसं चालतात. तीन मिनिटांच्या सिनेमाला वीस-पंचवीस तुकडे पुरतात. तुकडे तीन प्रकारचे ठेवा. दूरचा, ज्यात जागा कळते. मधला, ज्यात माणूस काय करतो ते कळतं. आणि जवळचा, ज्यात चेहरा किंवा हात दिसतात. नळाची रांग दुरून, हंडा उचलणारी मुलगी मधून, आणि कळशीच्या काठाशी आलेलं पाणी जवळून.

चित्रण करताना एवढं पाळा. मोबाईल आडवा धरा. त्याची काच पदराने पुसून घ्या. विमानाचं चिन्ह दाबून फोन बंद ठेवा, म्हणजे मधेच मामाचा फोन येणार नाही. ऊन कॅमेरावाल्याच्या पाठीशी असू द्या, समोरून आलं की चेहरा काळा पडतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं कोवळं ऊन सगळ्यात चांगलं. कोपरं बरगड्यांना टेकवून धरलं की हात हलत नाही. प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर मनात तीन अंक मोजा, जोडताना ती जागा लागते. आणि पाण्याजवळ फोनला दोरी बांधा. मालेगावच्या सुपरमॅनच्या वेळी कॅमेराच पाण्यात पडला होता.

आवाजासाठी एक युक्ती सांगते. दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा आणि त्यावर नुसता आवाज भरा. सुरुवातीला सगळ्यांसमोर एक टाळी वाजवा. मग जोडताना चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकावर एक बसवली की ओठ आणि शब्द जुळतात. सिनेमावाले ती काळी-पांढरी पाटी आपटतात ना, ती याचसाठी.

जोडणं म्हणजे अर्धा सिनेमा

तुकडे जोडण्यासाठी मोबाईलवर फुकटची ॲप्स आहेत. पण ॲपच्या आधी पोरांना एक गंमत दाखवा. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा तोच एक चेहरा त्याने आधी सूपच्या वाटीशेजारी जोडला, मग शवपेटीशेजारी, मग एका बाईच्या चित्राशेजारी. लोकांना तो चेहरा आधी भुकेला वाटला, मग दुःखी, मग प्रेमळ. चेहरा बदललाच नव्हता!

आम्हीही तसंच केलं. आमच्या नटीचा चेहरा आधी रिकाम्या हंड्याशेजारी जोडला, नंतर शाळेच्या घंटेशेजारी. पोरं ओरडलीच, “आता ती घाबरलीय!” त्यातून त्यांना कळलं, की रडून दाखवायची गरज नाही, काय कशाशेजारी ठेवायचं ते ठरवायचं. मैत्रिणींनो, याचा दुसरा उपयोग असा, की असा खेळ एकदा खेळलेलं पोर मोबाईलवर आलेली प्रत्येक क्लिप खरी मानत नाही. कापून जोडलं की अर्थ बदलतो, हे त्याने स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

संगीतासाठी सिनेमाची गाणी घेऊ नका, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. आमच्या गटातल्या आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्याच घेतल्या.

परवानगीची गोष्ट

आता जे मला खास सांगायचं आहे ते. ज्या मुलीची ही गोष्ट, तिने स्वतःच काम करावं असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, आमची पोर लोकांच्या मोबाईलवर दिसायला नको.” आम्ही समजूत घालायला निघालो होतो, पण गटातल्या एक ताई म्हणाल्या, “त्या माउलीचं चुकतंय काय? आधी मुलीला विचारा.” मुलगी म्हणाली, “मला दिसायचं नाही. मला कॅमेरा धरायचाय.” मग काम दुसऱ्या मुलीने केलं आणि गोष्टीच्या मालकिणीने चित्रण केलं. कुठे उभं राहायचं, हंडा किती जड दिसायला हवा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तरीही आमच्या हातून एक चूक झालीच. चित्रण ज्या फोनवर झालं, तो एका मुलाच्या घरचा होता. त्याच्या भावाने सरावातली एक क्लिप, ज्यात नटी पाय घसरून पडते, गंमत म्हणून ग्रुपवर टाकली. दोन दिवस ती पोरगी शाळेत आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, आईवडिलांची माफी मागितली, ज्याच्या-त्याच्या फोनमधून क्लिप काढायला लावली. पण गेलेली क्लिप पूर्ण परत येते असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेले आहेत. दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी. मुलाचा स्वतःचा होकार वेगळा, आणि तो मधेच मागे घ्यायची मुभा. चित्रण शक्यतो बाईंच्या किंवा गटाच्या फोनवर. रोज संध्याकाळी नको असलेले तुकडे पुसायचे. आणि सिनेमा कुठे दाखवायचा, ते आधीच ठरवायचं. आमचा सिनेमा फक्त शाळेच्या भिंतीवर दाखवायचा ठरला, कोणत्याही ग्रुपवर नाही.

दाखवला त्या दिवशी

पांढरी चादर बांधली, बाईंनी प्रोजेक्टर मागून आणला. तीन मिनिटं आणि दहा सेकंद. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आधी शांतता पसरली. मग मागून एक आजोबा म्हणाले, “आणि पोराचा हंडा कुठंय?” सिनेमात भाऊ शेवटपर्यंत झोपलेला दाखवला होता. बायका हसल्या, पण पुष्कळ पुरुष हसले नाहीत.

गावाला नळ अजून रोज येत नाही, ते सिनेमाने होत नाही. पण उशिरा आलेल्या मुलींना बाहेर उभं करणं शाळेने थांबवलं. आणि त्या मुलीचा भाऊ आता एक खेप घालतो. कुरकुरतो, पण घालतो.

अहमदाबादला सेवा संस्थेच्या बायकांनी १९८४ पासून व्हिडिओचं काम चालवलं आहे. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं, पण कॅमेरा चालवायला त्या शिकल्या. तेव्हा मला जमेल का, हा प्रश्न मनातून काढून टाका.

पुढच्या बैठकीला एवढंच करा. जवळच्या शाळेतल्या बाईंना किंवा सरांना भेटा, पाच शनिवार मागून घ्या. पहिल्या शनिवारी गोष्ट आणि एका मिनिटाचा सराव, दुसऱ्या शनिवारी चौकोन, तिसऱ्या-चौथ्याला चित्रण, पाचव्याला जोडणं. आणि पोरांना पहिला प्रश्न हाच विचारा, “आज सकाळी काय काय झालं?” मग गप्प बसून ऐका.

येते मैत्रिणींनो. भेटू पुढच्या वेळी.