जनावरांच्या अंगावरील गाठी : लम्पी चर्मरोगाची ओळख आणि प्रतिबंध

मावळ तालुक्यात, लोणावळ्यानजीक सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले भुशी हे गाव बाहेरच्या माणसास तेथील धरणामुळे ठाऊक असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र या परिसराची खरी ओळख पाऊस आणि भात हीच होय. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढात खाचरांची चिखलणी आणि तिच्यामागोमाग लावणी, अशी कामांची घाई असते. डोंगरउतारावरील लहान खाचरांत यंत्र सहजी जात नाही. तेथे बैलजोडीवाचून काम अडते. अशा वेळी जोडीतील एक बैल बसला, तर त्या कुटुंबाचा हंगामच बसतो.

आणि नेमक्या याच दिवसांत गोठ्यात ओल साठते, शेण व कुजका पेंढा यांत माश्यांची पैदास होते, डास व चिलटे वाढतात. चावऱ्या कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगास याहून अनुकूल काळ नाही. म्हणूनच लम्पी चर्मरोगाची नीट माहिती घाटमाथ्यावरील प्रत्येक पशुपालकास व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

रोगाचा प्रवास

हा रोग प्रथम १९२९ साली आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, आढळला. आरंभी लोकांस तो विषबाधेचा अथवा कीटकदंशाचा परिणाम वाटला. पुढे १९४० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याची मोठी साथ आली, तेव्हा हा सांसर्गिक रोग असल्याचे सिद्ध झाले. त्यास कारणीभूत असलेला विषाणू देवी गटातील असून मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंशी त्याचे जवळचे नाते आहे. हे नाते पुढे लसीकरणाच्या कामी फार उपयोगी पडले.

अनेक दशके आफ्रिकेपुरता राहिलेला हा रोग पुढे पश्चिम आशियात आला आणि २०१९ साली भारतात ओडिशा राज्यात प्रथम नोंदला गेला. २०२० साली तो महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात दिसला. २०२२ साली राजस्थान, गुजरात यांसह अनेक राज्यांत त्याची भीषण साथ आली आणि देशात लाखाहून अधिक गोवंश दगावला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात होऊन तो महाराष्ट्रभर पसरला. तोवर पुस्तकात क्वचित वाचावयास मिळणारा हा रोग अशा रीतीने दारच्या गोठ्यात आला.

लक्षणे

विषाणूचा शिरकाव झाल्यावर साधारणतः ४ ते १४ दिवसांत लक्षणे दिसू लागतात. प्रथम ताप येतो. तो १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, जनावर चारा सोडते, दूध घटते. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात व हातास लागतात. त्यानंतर डोके, मान, पाय, कास इत्यादी भागांवर २ ते ५ सेंटिमीटर व्यासाच्या घट्ट, गोल गाठी उठतात. कित्येकदा पायांवर व पोळीवर सूज येऊन जनावर लंगडते. गाभण गाय गाभडण्याचा संभव असतो.

कळपातील शेकडा १० ते ४५ जनावरांस बाधा होऊ शकते. मृत्यूचे प्रमाण सामान्यतः शेकडा १ ते ५ एवढे असते. लहान वासरांत व संकरित गाईंत रोग अधिक तीव्र होतो. म्हशींना तो क्वचित होतो. माणसास हा रोग होत नाही. दूध उकळून पिण्यास हरकत नाही.

प्रत्येक गाठ लम्पीची नव्हे

अंगावर गाठ किंवा खपली दिसताच लम्पी समजणे जसे चुकीचे, तसेच ‘पावसाळ्यातील साधी खरूज आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणेही घातक होय. अतिपावसाच्या प्रदेशात त्वचेचे इतरही विकार होतात. सतत भिजणाऱ्या जनावरांच्या पाठीवर एका विशिष्ट जिवाणूमुळे केस चिकटून त्यांचे कुंचल्यासारखे झुबके बनतात व त्यांखाली ओलसर खपल्या धरतात. गजकर्णात करड्या रंगाचे वाटोळे चट्टे पडतात व केस झडतात. त्यात बहुधा ताप नसतो. मात्र गजकर्ण माणसासही लागते, हे ध्यानी ठेवावे. कीटकदंशाने किंवा पित्ताने उठणाऱ्या गांधी अचानक येतात व बहुधा लवकरच ओसरतात. नागिणीच्या गटातील एका विषाणूमुळे उठणाऱ्या गाठी तर लम्पीसारख्याच दिसतात. परंतु त्या उथळ असतात व रोग सौम्य असतो.

हा भेद केवळ नजरेने करणे नेहमीच शक्य होत नाही. म्हणून पशुवैद्यक गाठीवरील खपली, रक्त आणि नाकातील स्राव यांचे नमुने घेऊन ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवितात. तेथे विषाणूच्या जनुकद्रव्याचा सूक्ष्म अंश अनेक पटींनी वाढवून ओळखण्याची चाचणी करतात. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. भोपाळ येथे राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. शेतकऱ्याने मात्र स्वतः गाठ कापून किंवा खपली काढून नमुना घेऊ नये. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभरही टिकून राहतो.

लसीचे संशोधन

रोग नवा असल्याने त्याची स्वदेशी लस प्रथम उपलब्ध नव्हती. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस उपयोगी आली. दोन्ही विषाणू एका कुळातील असल्याने एकाची लस दुसऱ्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रातील गोवंशास हीच लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली.

दरम्यान हरियाणातील हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०१९ साली रांची येथील बाधित जनावरांपासून विषाणू वेगळा केला. प्रयोगशाळेतील पेशींवर तो ५० वेळा वाढवून त्याची रोगकारक शक्ती क्षीण करण्यात आली. इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने सिद्ध झालेली ही ‘लम्पी-प्रोव्हॅक’ लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर करण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या उत्पादनाचे हक्क पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेस देणारा करार झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत बायोव्हेट या कंपनीच्या लसीस केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. लस टोचलेले जनावर व रोग होऊन गेलेले जनावर यांतील भेद चाचणीने ओळखता येणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. इज्जतनगरच्या संस्थेचे मूळ पुण्यातच आहे. १८८९ साली पुण्यात जी शाही जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली व पुढे हिमालयातील मुक्तेश्वरास हलविण्यात आली, तीच ही संस्था. बुळकांडीसारख्या रोगांवर तिने प्रदीर्घ काम केले. एकेकाळी गोठेच्या गोठे ओस पाडणारी ती बुळकांडी २०११ साली सर्व जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. चिकाटीचे लसीकरण काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला नाही.

उपचार

लम्पीच्या विषाणूस मारणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. उपचार करावयाचा तो ताप उतरविण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी आणि जखमांत दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावी. फुटलेल्या गाठी पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुवाव्या व माश्या बसून आसडी पडू नये म्हणून मलम लावावे. कडुनिंब व हळद खोबरेल तेलात उकळून जखमेवर लावण्याची घरगुती रीत पूरक म्हणून चालेल. परंतु ती पशुवैद्यकाची जागा घेऊ शकत नाही. मऊ हिरवा चारा, गूळपाणी व कोरडी बसण्याची जागा यांनी जनावर लवकर सावरते.

पशुपालकांचे कर्तव्य

(१) पावसाळ्यापूर्वी दरवर्षी निरोगी जनावरांस लस टोचून घ्यावी. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून रोग गावात येण्याची वाट पाहू नये. प्रत्येक जनावरास नवी सुई वापरली जाते की नाही, इकडे लक्ष द्यावे.

(२) ताप व गाठी दिसताच जनावर वेगळे बांधावे. त्याचा चारा, पाणी व भांडी वेगळी ठेवावी. ते कुरणात अथवा सार्वजनिक पाणवठ्यावर सोडू नये.

(३) शेण व ओला पेंढा गोठ्यापासून दूर टाकावा, डबकी बुजवावी, सायंकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, गोचिडांचा बंदोबस्त करावा. गोठा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावा.

(४) साथीच्या काळात बाजारातून जनावर आणू नये. एरवी आणलेले जनावर २८ दिवस वेगळे ठेवावे.

(५) जनावर दगावल्यास ओढे, झरे व विहिरी यांपासून दूर, किमान आठ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. भुशीच्या परिसरातील पाणी उतरून इंद्रायणीस मिळते; वरच्या गावाची हयगय खालच्या गावांस भोवते.

रोग लपवू नये

सर्वांत मोठा धोका रोग लपविण्याचा असतो. जनावराची किंमत पडेल, बाजार बंद होईल, शेजारी बोल लावतील, या भीतीने काही जण आजारी जनावर घाईने विकून टाकतात. असे एक जनावर दुसऱ्या गावात साथ नेऊन पोहोचविते. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. खबर देण्यात शेतकऱ्याचे हितही आहे. २०२२ साली शासनाने लम्पीने दगावलेल्या गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये व वासरासाठी १६,००० रुपये मदत ठरविली होती. परंतु ज्या जनावराच्या आजाराची कोठे नोंदच नाही, त्याच्या मालकाने मागणी कशाच्या आधारे करावी?

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी वैशाखातच वाडीवस्तीनिहाय जनावरांची यादी करून लसीकरणाचा दिवस ठरवावा. पावसात वाटा निसरड्या होतात, ओढे भरतात आणि दूरच्या वस्तीवर पोहोचणे कठीण होते. जे काम उन्हात एका सकाळी उरकते, तेच श्रावणात आठवडाभर रखडते. नांगर खाचरात उतरण्यापूर्वी सुई गोठ्यात पोहोचली, तर बैलजोडी शाबूत राहील आणि लावणीही वेळेवर होईल.