केळीच्या चिकाचा डाग

कच्ची केळी चिरायला बसण्यापूर्वी घरातली जाणती बाई हाताला तेल चोळते आणि लेकीसुनांना बजावते, "अंगावरचे लुगडे सांभाळा गं." केळीचा चीक एकदा कपड्यावर पडला की तो डाग साबणाने जात नाही, सोड्याने जात नाही, कपडा फाटेपर्यंत सोबत करतो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेले नाही. चुलीपाशी बसून आपण ते शिकलो.

हेच शहाणपण आपल्यापासून हजारो मैलांवर, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको नावाच्या बेटावरच्या बायकांपाशीही आहे. त्यांनी तर या डागाची म्हणच करून टाकली आहे. त्या बेटाचा माणूस जगात कुठेही जावो, कितीही उंची कपडे घालो, त्याच्या अंगावरचा 'केळीचा डाग' लपायचा नाही, असे तिथे म्हणतात. डाग म्हणजे आपले मूळ, आपले घर, आपले खाणे. हे बोलताना ते खाली मान घालत नाहीत, उलट अभिमानाने बोलतात.

या बेटावर एक मोठा चित्रकार होऊन गेला. फ्रान्सिस्को ओयेर त्याचे नाव. त्याने आपल्या बेटाची ओळख राजवाड्यात शोधली नाही. गरिबाच्या झोपडीत, आढ्याला टांगलेल्या केळीच्या घडात आणि चिरूट वळणाऱ्या मास्तरच्या घरात त्याला ती सापडली. त्या चित्रकाराची ही ओळख आम्ही आज आमच्या वाचक बंधू-भगिनींना करून देत आहोत.

पॅरिसला गेला आणि परत आला

ओयेरचा जन्म १८३३ सालचा, बायामोन गावचा. त्या वेळी पोर्तो रिकोवर स्पेनचे राज्य होते. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. ओयेर काही गुलामाच्या पोटी जन्मला नव्हता. घर गोऱ्या, खात्यापित्या लोकांचे. आजोबा डॉक्टर, आणि बेटावर देवीची लस प्रथम टोचणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. म्हणजे शिकायची सोय होती. तरुणपणी तो माद्रिदला आणि नंतर पॅरिसला गेला. तिथे कामीय पिसारो आणि पॉल सेझान या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चित्रकारांशी त्याची मैत्री जडली. पिसारोही मूळचा कॅरिबियनचाच, शेजारच्या सेंट थॉमस बेटावर जन्मलेला.

पॅरिसला गेलेला कलावंत सहसा पॅरिसचाच होऊन राहतो. पिसारो तिकडेच राहिला. ओयेर मात्र पुन्हा पुन्हा आपल्या बेटावर परतला. १८६८ साली त्याने सान हुआन शहरात चित्रकला शिकवणारी मोफत शाळा काढली. गोऱ्या घरात जन्मूनही गुलामीच्या प्रथेविरुद्ध त्याने कुंचला उचलला आणि गुलामांच्या छळाची चित्रे काढली.

ताटातला इतिहास

युरोपातल्या श्रीमंत घरांत खाण्यापिण्याच्या वस्तूंची चित्रे लावण्याची जुनी पद्धत होती. चांदीची ताटे, द्राक्षांचे घोस, शिकार करून आणलेले पक्षी. ओयेरने ही रीत घेतली, पण ताट बदलले. त्याने भाजीच्या केळ्यांचे घड रंगवले, कधी हिरवे तर कधी पिकून पिवळे झालेले. नारळ रंगवले, अननस रंगवले. बाजारात टोपलीतून येणाऱ्या वस्तू, पण त्याने त्या अशा मानाने रंगवल्या की बघणाऱ्याने थांबून पाहावे.

हे साधे काम नव्हते. ही फळे त्या बेटाचा सगळा इतिहास सांगतात. अननस तिथल्या भूमीचा. केळी मूळची आपल्या आशियाकडची. ती आफ्रिकेच्या वाटेने फिरत फिरत सोळाव्या शतकात कॅरिबियन बेटांवर पोचली. ऊस आला तो साखरेच्या धंद्यासाठी, आणि त्या उसासाठी आफ्रिकेतून माणसे साखळदंडात बांधून आणली गेली. साखर गेली युरोपच्या चहा-कॉफीत. मळ्यात राबणाऱ्याच्या वाट्याला आली केळी आणि खारवलेला मासा.

पण त्या राबणाऱ्या हातांनी त्याच केळ्याचे काय केले ते पाहा. हिरवी केळी तळायची, लाकडी उखळीत लसूण आणि डुकराच्या मांसाची कुरकुरीत चामडी घालून कुटायची, आणि गोळा करून खायचा. या पदार्थाला 'मोफोंगो' म्हणतात. शिजवलेले कंद आणि केळी कुटून खाण्याची ही रीत आफ्रिकेची. मालकाने माणसांची नावे बदलली, भाषा हिरावली, पण उखळीतला हात तो बदलू शकला नाही. आज मोफोंगो हा साऱ्या बेटाचा मानाचा पदार्थ आहे. ज्यांना हलके म्हणून वागवले, त्यांचे खाणे सगळ्यांचे खाणे झाले. आमच्या वाचकांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

मयताच्या घरातली मेजवानी

ओयेरचे सर्वांत गाजलेले चित्र 'एल वेलोरियो', म्हणजे मयताची जागरणाची रात्र. १८९३ च्या सुमारास पुरे झालेले हे चित्र भिंतभर आहे, सुमारे आठ फूट उंच आणि तेरा फूट रुंद. आज ते पोर्तो रिको विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

चित्रात एका डोंगरी शेतकऱ्याची लाकडी झोपडी आहे. वर आढ्याला केळी आणि मक्याची कणसे टांगलेली. मधोमध टेबलावर पांढऱ्या कापडावर, फुलांत, एक मेलेले मूल ठेवले आहे. तिथल्या समजुतीप्रमाणे लहान मूल मेले की ते देवदूत होऊन सरळ स्वर्गात जाते, म्हणून दुःख करायचे नाही, सण करायचा. आईने रडायचे नाही, कारण तिच्या आसवांनी मुलाचे पंख भिजतील आणि त्याला उडता येणार नाही! म्हणून ती माउली हसते आहे. वाद्ये वाजत आहेत, दारू चालली आहे, पोरे धुडगूस घालत आहेत. काठीला खोवलेले भाजलेले डुक्कर घरात येत आहे आणि धर्मगुरूची नजर मुलाकडे नाही, त्या डुकराकडे लागली आहे.

एवढ्या गर्दीत त्या मुलाकडे पाहणारा माणूस एकच. अंगावर साधे, फाटके कपडे असलेला एक वृद्ध काळा माणूस, एके काळचा गुलाम. तो टेबलाजवळ उभा राहून वाकून त्या मुलाकडे पाहतो आहे. साऱ्या घरात खरे दुःख त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर आहे.

अंधश्रद्धेच्या पडद्याआड चाललेला हा खादाडपणा आहे, असे ओयेरने स्वतःच या चित्राबद्दल लिहून ठेवले होते. कुणी विचारील, आपल्याच लोकांची अशी चव्हाट्यावर मांडणी का करावी? परक्यांना हसायला निमित्त कशाला द्यावे? हा प्रश्न आपल्याही घराघरांत विचारला जातो. मयताच्या घरी कर्ज काढून पंगती उठवू नका, असे सांगणाऱ्या तरुणाला वडीलधारे हेच ऐकवतात. आम्हांला वाटते, ओयेरचे उत्तर त्याच्या चित्रातच आहे. ज्या हाताने त्याने पंगतीवरची हाव रंगवली, त्याच हाताने आढ्याची केळी जीव लावून रंगवली. त्याला घर मोडायचे नव्हते. घरात शिरलेला अंधार दाखवायचा होता. आणि माणुसकीचा दिवा त्याने कुणाच्या हाती दिला? धर्मगुरूच्या नव्हे, मालकाच्या नव्हे, तर समाजाने ज्याला माणूस मानले नाही त्याच्या हाती.

पोर्तो रिकोत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८७३ साली. त्याच वर्षी आपल्याकडे जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पोर्तो रिकोत सुमारे तीस हजार माणसे सुटली. पण नुकसानभरपाई मिळाली मालकांना! सुटलेल्यांना मात्र आणखी तीन वर्षे मजुरीच्या करारात बांधून घातले गेले. चित्रातला तो म्हातारा हे सगळे पाहून त्या झोपडीत आला आहे.

चिरूट वळता वळता शाळा

ओयेरचे आणखी एक चित्र आमच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे. राफाएल कोर्देरो मास्तरच्या शाळेचे हे चित्र त्याने १८९० ते १८९२ या काळात केले.

कोर्देरो १७९० साली सान हुआनमध्ये जन्मला. आईबाप काळे, पण गुलाम नव्हेत. तरी काळ्या मुलाला शाळेत जागा नव्हती. तो घरीच आईबापांकडून शिकला. पोटासाठी चिरूट वळायचा, आणि त्याच घरात त्याने शाळा मांडली. फी नाही, जातरंग नाही. काळे, गोरे, गरीब, श्रीमंत सगळे एकत्र. असे त्याने अठ्ठावन्न वर्षे शिकवले, १८६८ साली मरेपर्यंत. त्याची बहीण सेलेस्तिना हिने १८२० साली मुलींची शाळा काढली. म्हणजे पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली, त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी!

त्या घरशाळेतून शिकलेल्या मुलांपैकी काही जण पुढे गुलामगिरी बंद करण्याच्या चळवळीचे पुढारी झाले. गोऱ्या घरची मुले काळ्या मास्तरच्या हाताखाली शिकली आणि काळ्यांच्या मुक्तीसाठी उभी राहिली. मास्तरला एकदा शंभर पेसोंचे बक्षीस मिळाले, तर त्याने ते मुलांच्या पुस्तका-कपड्यांवर आणि गरिबांवर खर्चून टाकले.

ओयेरने मास्तरला सिंहासनावर बसवले नाही. त्याला त्याच्या घरातच, मुलांच्या गराड्यात, तंबाखूच्या कामासह दाखवले. आपल्याकडे ज्या घरांत आई विड्या वळते आणि त्याच चटईवर बसून लेक अभ्यास करते, त्या घरांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

डागाचा दागिना

१८९८ साली स्पेनचे राज्य गेले आणि अमेरिकेचे आले. ओयेर १९१७ साली वारला. पण केळी काही चित्रांतून गेली नाहीत. रामोन फ्रादे या चित्रकाराने १९०५ च्या सुमारास एक म्हातारा शेतकरी रंगवला, अनवाणी, केळीचा घड छातीशी धरून चालत येणारा. चित्राचे नाव 'आमची भाकर'. आणि अगदी आपल्या काळात, २००६ साली, मिगेल लुसियानो या कलावंताने खऱ्या हिरव्या केळ्यावर प्लॅटिनमचा मुलामा चढवला. तेव्हा सोन्याहून महाग असलेल्या धातूत मढवलेले गरिबाचे केळे! आत केळे काळे पडत जाते, वर प्लॅटिनम चमकत राहते. डागाचा दागिना झाला, पण आत काय आहे ते विसरू नका, असेच जणू तो सांगतो.

आपल्याही घरांत अशा वस्तू आहेत. आजीची उखळ, वाळवलेल्या भाजीचे गाठोडे, वर्षानुवर्षे वापरून झिजलेला तवा. मुलगा शिकला, साहेब झाला, की यांतल्या कितीतरी वस्तू आपण पाहुणे येण्याआधी आत सरकवतो. शाळेत डबा उघडताना मूल झाकणाआड जेवते. त्यात मुलाचा दोष नाही. ते लाजणे त्याला कुणीतरी शिकवलेले असते.

या रविवारी आपल्या लेकराला कागद आणि रंग द्या. त्याला देखावा काढायला सांगू नका, डोंगरामागचा सूर्य पुष्कळ झाला. त्याला म्हणा, आपल्या घरातली चूल किंवा शेगडी काढ, जेवायला बसलेली माणसे काढ, आजीचे हात काढ. आणि ते चित्र भिंतीवर अशा जागी लावा, जिथे आल्यागेल्याची पहिली नजर पडेल.