उताराची परीक्षा

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागायचे आणि त्याच वाटेने परतायचे, अशी ही सुमारे २१ किलोमीटरांची दौड. पाहणाऱ्यास वाटते, चढ सरला की काम फत्ते! वस्तुतः चढावर दमाची परीक्षा होते, उतारावर मांड्यांची. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच देहाचा भार रोखून धरतो. त्यामुळे त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि खरे दुखणे दुसऱ्या दिवशी उमगते. मात्र हाच स्नायू बेताबेताने उताराची सवय लावली असता पुढे कमी दुखावतो. म्हणून नव्या धावकाने चढण्याइतकाच उतरण्याचाही अभ्यास करावा, आणि उतारावर पावले आखूड टाकावीत.