अणूचे चित्र

इंदूर-ग्वाल्हेरकडे वाढणाऱ्या आपल्या मुलांचा शाळेत एक गोंधळ होतो. हिंदी पुस्तकातला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तिथे ‘परमाणु’ म्हणतात. हा गोंधळ एकदा सांगितला की मिटतो. चित्राचा गोंधळ अधिक चिवट आहे. मध्ये गोळा आणि भोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन, हे चित्र अजून भिंतीवरच्या तक्त्यांत दिसते. भौतिकशास्त्राने ते सोडले त्याला शंभर वर्षे होत आली.

ते आले कुठून? १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि डाल्टन यांचा अभेद्य अणू फुटला. थॉमसन यांनी नवे चित्र मांडले: धनभार अणूभर पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन, जसा कलिंगडाचा गर आणि बिया. पुढे १९०९ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यांवर अल्फा कण सोडले. मार्सडेन तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे विद्यार्थी. अंधारात बसून, सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरची एकेक ठिणगी डोळ्यांनी मोजायची, असे ते कष्टाचे काम. प्लॅटिनमवरून सुमारे ८,००० कणांमागे एक उलटा परतला. एवढा वेगवान कण मऊ गरातून माघारी कसा फिरेल? रदरफर्ड यांनी १९११ मध्ये उत्तर दिले: अणूचा धनभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी, अणूच्या दहा हजारांश भागाहूनही लहान जागेत एकवटले आहे. बाकी सारी पोकळी.

पण त्या काळच्या नियमांनुसार फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने प्रकाश फेकत, ऊर्जा गमावत, क्षणार्धात केंद्रात कोसळायला हवे. तसे असते तर हे व्याख्यान ऐकायला कोणी उरलेच नसते! नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांनाच परवानगी दिली. हायड्रोजनच्या वर्णरेषा अचूक जुळल्या. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशी मात्र हिशेब अडला. माझ्या मते शाळेत शिकवायची गोष्ट ही अडचण आहे, नुसत्या कक्षा नव्हेत.

१९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी ठरलेली वाटच काढून टाकली. श्रोडिंगर यांच्या समीकरणातून, माक्स बोर्न यांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याचा किती संभव, एवढेच कळते. तरी बोर यांच्या पहिल्या कक्षेची त्रिज्या, ०.०५३ नॅनोमीटर, नव्या गणितातही निघते: हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून त्या अंतरावर सापडण्याचा संभव सर्वाधिक असतो.