विदर्भ वेगळा करायचा, तर परवानगी कोणाची?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

आपल्याकडे टपरीवर विदर्भाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "महाराष्ट्राच्या विधानसभेनं नाही म्हटलं, तर वेगळं राज्य होणारच नाही."

होऊ शकतं. काहून होऊ शकतं, ते बघू.

राज्यघटनेचं कलम ३ सांगतं की नवं राज्य करणं, सीमा बदलणं, नाव बदलणं हे संसदेचं काम. त्यासाठीच्या विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते. राष्ट्रपती ते संबंधित विधानसभेकडे मत मागायला पाठवतात, मुदत ठरवून. फक्त मत, मंजुरी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर विधानसभेला डॉक्युमेंटवर कमेंट करता येते, एडिट नाही.

हे कोर्टात तपासलंही गेलं. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेनं शेवटी एकच मोठं मुंबई राज्य केलं. त्यातच विदर्भ आला आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूरही. बदललेला प्रस्ताव विधानसभेकडे परत पाठवला नाही, म्हणून बाबूलाल पराते यांनी आव्हान दिलं. सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्ये ते फेटाळलं: एकदा मत मागितलं की पुरे, दुरुस्तीनंतर पुन्हा विचारायची गरज नाही.

२०१४ मध्ये हेच पुन्हा दिसलं. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारीत तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं, २ जूनला राज्य झालं.

मग राज्यांना हक्कच नाहीत का? आहेत, पण वेगळ्या जागी. पोलीस, शेती, जमीन हे विषय राज्यसूचीत आहेत. ही सूची बदलायची तर संसदेत दोन तृतीयांश मतं आणि वर निम्म्या राज्यांची संमती लागते. राज्य सरकार बरखास्त केलं, तर १९९४ च्या बोम्मई निकालामुळे ते कोर्टात तपासता येतं. संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असंही त्याच निकालात आहे.

आता तुलना करा. राज्याचा एक अधिकार काढायला एवढा खटाटोप. पण अख्ख्या राज्याचा नकाशा बदलायला साधं बहुमत पुरतं. कलम ४ नुसार ती घटनादुरुस्ती मानलीच जात नाही. अमेरिकेत उलट आहे: तिथे राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे करता येत नाहीत.

ही सोय दुधारी आहे. तिच्यामुळेच छोट्या प्रदेशाला मोठ्या राज्याचा नकार ओलांडता येतो. आणि तिच्यामुळेच २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. तेव्हा तिथे राष्ट्रपती राजवट होती, त्यामुळे विधानसभेच्या जागी मतही संसदेनंच दिलं.

म्हणून वेगळा विदर्भ हवा असो की अखंड महाराष्ट्र, मुंबईतला ठराव शेवटचा शब्द नाही. तो दिल्लीत ठरणार, आणि लोकसभेच्या ५४३ जागांपैकी विदर्भाच्या आहेत १०. पुढच्या वेळी तुमचे खासदार मत मागायला आले, तर त्यांची भूमिका नक्की विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!